दोराला लागलेला हात

मोरजीच्या थांब्यावर क्षमा म्हापशाच्या बसची वाट पाहत होती. शेजारी एक कामगार उभा होता, पँट गुडघ्यापर्यंत खाऱ्या पाण्यानं भिजलेली. तेवढ्यात किनाऱ्याकडून एक म्हातारा माशांची पिशवी घेऊन धापा टाकत आला.

"अरे मारुती, वाटो घेतल्याशिवाय खंय चल्लस?"

"न्हाई ओ कृष्णनाथकाका. मी कुठं कामाला हुतो? सगळे दोरानं रापणीचं जाळं किनाऱ्यावर वडताना बघितले, गंमत म्हणून हात लावला."

"ज्येचो हात रापणीच्या दोराक लागलो, त्येका वाटो. ह्यो आमचो नेम. तू तसोच गेलस तर उद्या जाळ्यात काय येवचा नाय."

"पर माझं चुकलंच की. तुम्ही 'सोड, सोड' वरडत हुता, आन् मी पाय रोवून वडतच ऱ्हायलो."

"मागचो मनीस दोर सोडता, पाण्याकडे जावन परत धरता. तसाच जाळा भायर येता. तू आपलो शेवटाक माडासारखो उबो!"

"आमच्या गावात रस्सीखेच खेळताना शेवटच्यानं सोडला की हारच, काका."

"म्हणान तर सगळे हसत होते. घे, बांगडे आसत. बायलेक सांग, कालवणात तिरफळां घाल."

बस आली. क्षमाने पायाशी पिशवीला जागा करून दिली. बस हलली तसा मारुती खिडकीतून वाकला.

"काका, पुढच्या रविवारी दोर कुठनं धरू?"

"पाण्याकडसून! आणि सोड म्हटला की सोड, मरे!"