सुपारीची वरात

(मुलांनो, इंदूरच्या परदेशीपुऱ्यातल्या शालूताई लग्नांची रुखवतं करतात. त्या सांगत गेल्या, मी लिहून घेतलं. बोलणं त्यांचंच ठेवलं आहे. तुमची आजी)

आमचं मूळ गाव म्हणाल तर साताऱ्याकडचं, पण ते आपलं म्हणायचं, पाहिलंय कोणी. पणजोबा संस्थानच्या फौजेत आले ते इथलेच झाले, आणि आमची मराठी ही अशी झाली, अर्धी तिकडची, अर्धी इंदूरची, तुम्ही हसू नका हं ताई. वडील मिलमध्ये, लग्न झालं तर नवराही मिलमध्ये, आणि मिल बंद पडली तेव्हा आमची अनघा मांडीवर होती. मग मी ब्लाउज शिवायला लागले. कापडाच्या कतरनी उरायच्या, त्या टाकवत नव्हत्या.

शेजारच्या काकूंच्या मुलीचं लग्न निघालं, त्या म्हणाल्या, शालू, रुखवताला काहीतरी करून दे ना. आता रुखवत म्हणजे काय ते नातवंडांना नीट लिहा, लग्नात नवरीकडचे एका टेबलावर हातानं केलेल्या चीजा मांडतात, लोक येऊन बघतात, कौतुक करतात, नावंही ठेवतात, आणि मग ते सगळं नवरीबरोबर सासरी जातं. मी सुपाऱ्यांची वरात केली. सुपारीला कतरनीचं लुगडं, काळ्या लोकरीचा अंबाडा, नवऱ्याला जरीच्या काठाचा फेटा, मिशी काजळाची, घोडा भुईमुगाच्या शेंगेचा, त्याला काडेपेटीच्या काड्यांचे पाय, आणि बँडवाले सगळे लवंगांचे. विहीणबाई वाकून बघतात काय, हसतात काय, म्हणाल्या, अगं बाई, हा मिशीवाला तर आमच्या ह्यांच्यासारखाच दिसतो.

मग काय सांगू तुम्हाला, बोलावणीच सुरू झाली. नारळाचा भटजी, त्याला तारेचा चष्मा. फुटक्या बांगड्यांना लोकर गुंडाळून फोटोची चौकट. उडालेल्या बल्बना रंग देऊन पेंग्विन, ते काय रुखवतात बसतात का, पण पोरींना आवडायचे. आमचे हे खाटेवर बसून बघायचे आणि म्हणायचे, घरात माणसं तीन आणि सुपाऱ्या पन्नास. मग हे गेले. मग अनघा शिकायला गेली, तिकडूनच नोकरीला बंगळूरला गेली, आणि घरात खरंच मी आणि सुपाऱ्याच राहिलो. शिवताना मी त्यांच्याशी बोलायची, कोणाला सांगू नका, नाही लिहा, लिहा, त्यात काय.

अनघानं लग्न ठरवलं तिचं तिनंच. निखिल, मुलगा इंदूरचाच, तोही तिकडेच नोकरीला, घर हिंदी बोलणारं, माणसं गोड. ती फोनवर म्हणाली, आई, रुखवत-बिखवत काही नको हं, त्यांच्यात नसतं असलं. मी म्हटलं बरं. बरं म्हटलं आणि करायला बसले. शहरभरच्या पोरींची केली आणि पोटच्या पोरीचं टेबल रिकामं, हे कसं होईल. सगळं केलं, पण जीव लावला तो एका घराला. आइस्क्रीमच्या काड्यांचं घर, पडदे सरकायचे, दार उघडायचं, आत सुपारीची अनघा, पुढ्यात चमकीच्या कागदाचा लॅपटॉप, बाजूला चष्मेवाला निखिल. आणि खिडकीशी एक म्हातारी सुपारी बसवली, पांढऱ्या लोकरीची. ती कोण ते कोणाला सांगितलं नाही. वाटलं, मी नाही तर ती तरी जाईल पोरीच्या घरी राहायला.

रिसेप्शन हॉटेलात. मी खोके घेऊन पोचले तर अनघा बघतच राहिली, मग म्हणाली, आणलंच आहेस तर मांड. मी डेकोरेशनवाल्याला म्हटलं, भिया, एक टेबल चाहिए, लड़की का सामान है. तो म्हणाला, हो जाएगा माताजी, आणि टेबल लावलं कुठे, तर बाहेर जायच्या दाराशी, मिठाईच्या डब्यांच्या शेजारी, पांढरं कापड, फुलं वगैरे. मी खूश, म्हटलं जाता-येता सगळे बघतील. आणि मी फोटोला स्टेजवर गेले.

आता त्यांच्याकडे पद्धत अशी की जाताना पाहुण्याच्या हातात काहीतरी भेट द्यायची. मी खाली उतरते तर एक बाई नारळाचा भटजी बगलेत मारून उभी. मला, विहिणीला, म्हणते, समधनजी, कितना क्यूट है, हमारे यहाँ तो लोग डिब्बे पकड़ा देते हैं, आपने तो हाथ से बनाया! मागे बघते तर कोणाच्या हातात पेंग्विन, कोणाच्या हातात लवंगांचे बँडवाले. आमच्या काकू तिकडून ओरडल्या, शालू, अगं लुटलं गं तुला! मी म्हटलं, चूप बसा काकू, मंगलकार्य आहे. आणि हात जोडून सगळ्यांना म्हणत राहिले, ले जाइए, ले जाइए. अब बोलो, दुसरं काय म्हणणार होते. घर उचललं निखिलच्या आत्यानं, बुआ म्हणतात त्यांच्यात. खिडकीतली म्हातारी माझ्याकडे बघत बघत गाडीत बसून गेली.

शेवटी टेबलावर नुसतं कापड. अनघा आली, म्हणाली, आई, सगळं गेलं? मी म्हटलं, गेलं, तुझं सामान हलकं झालं. ती म्हणाली, मला ते घर हवं होतं गं. खरंच हवं होतं की माझं मन राखायला म्हणाली, ते मी आजवर विचारलं नाही. निखिल म्हणाला, मम्मी, बुआजी से माँग लाता हूँ. मी म्हटलं, नको बेटा, दिलेलं मागत नाहीत.

बुआजींनी मागाहून चहाला बोलावलं होतं. घर शोकेसमध्ये, काचेच्या आत. येईल त्याला दाखवतात, हमारी समधन ने बनाया. त्यांच्या घरात माणसं किती, पोरं किती, टीव्ही चालू, कोणी भांडतंय, कोणी भजी तळतंय. मी वाकून बघितलं, म्हातारी जागेवर होती. म्हटलं बस बाई, तुला इथे करमत तरी असेल.

दर रविवारी अनघाचा व्हिडिओ कॉल येतो. मागे पांढरी भिंत, एक खिळासुद्धा नाही. मागे एकदा तिचं तीच म्हणाली, आई, आमच्या दाराला तोरण करशील का? करीन म्हणजे काय! फक्त दाराचं माप पाठव म्हटलं, तोरण चार बोटं कमी पडलं की वाईट दिसतं. म्हणाली, मोजते हं. नोकरी आहे, मीटिंगा असतात, राहून जातं. दोनतीनदा आठवण करून दिली, आता देत नाही, फोनवर तेवढाच वेळ असतो, त्यात तिला ओझं कशाला.

पण नुसतं बसवत नाही ना हो, म्हणून सुरू केलंय. कतरनीचे पोपट, मधे मणी, मग आरसा, पुन्हा पोपट. माझ्या दाराला लावून बघितलं, ते कधीच पुरून उरलं, आता मांडीवर वेटोळं होतं आणि खाली जमिनीवर जातं. शेवटची गाठ तेवढी मारत नाही. काकू म्हणतात, शालू, हे तोरण आहे का मारुतीची शेपटी. म्हणू देत. दार मोठं असू दे माझ्या पोरीचं, मणी आहेत माझ्याकडे पुष्कळ.