विहिणीनं दिलेला गिझर

शहागंजातल्या दुरुस्तीच्या दुकानात मेकॅनिकनं दोन गिझर खोलले होते. बाकावर त्यांच्या मालकिणी, वच्छलाबाई आणि वहिदाभाभी, आत्ताच ओळख झालेल्या.

"सुनेच्या माहेरचा हाय. वर्षात कॉइल जळाली. विहिणीला फोनवर सांगितलंच मी, लई हलका माल दिला तुम्ही."

"माझा तर लेकानं भारीतला आणला होता, वच्छलाबाई. त्याची कॉइल बघा, तुमच्या कॉइलसारखीच पांढरी अन् जळालेली."

"अगं बया! कशानं?"

"बोअरच्या पाण्यानं. त्यातला क्षार कॉइलवर बसतो, मग ती जळते. तुम्हीपण टाकीत बोअरचंच सोडता ना?"

"मग? नळाचं पाणी मी डाळीला ठेवते. बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाय."

"डाळीचं कळतं, अन् गिझरचं नाय?"

"सून म्हणत होती, आत्याबाई, हे पाणी गिझरला चालायचं नाय. मीच गप्प केलं तिला."

"मग आता?"

"आता काय? नवी कॉइल बसवायची."

मेकॅनिक म्हणाला, "मावशी, जुनी पिशवीत घालतो. घरी दाखवायला."

"नको रे बाबा, इथंच टाक. सून बघंल ना!"