एवढंसं

…आणि वर मलाच विचारतात, ‘कुत्र्याला जेवायला घालताय की सोनं तोलताय?’ घ्या! म्हणजे किडनी ज्याची बिघडली तो राहिला बाजूला, आणि ज्यानं हातात काटा धरला तो चक्रम. बरं, तुम्हाला सांगतो, मला त्याचं काही वाटत नाही, कारण मी सव्वीस वर्षं वजनकाट्यांच्या कारखान्यात तपासनीस आहे, काटा तयार झाला की माझ्या टेबलावर येतो, मी त्याच्यावर पितळेची वजनं ठेवून बघतो, तीही हातानं नाही, चिमट्यानं, कारण बोटांचा घाम लागला तरी वजनात फरक पडतो. आणि ज्यानं सव्वीस वर्षं घामाचं वजन धरलं, त्याला तुम्ही सांगणार, ‘एवढ्याशानं काय होतंय?’

एवढ्याशानं काय होतंय. हे वाक्य ज्यानं पहिल्यांदा काढलं ना, तो मला एकदा भेटायला हवा.

तर आमचे सुभेदार. सुभेदार म्हणजे आमचा कुत्रा. वय अकरा, वजन बावीस किलो, रंग तपकिरी, आणि मिशा अशा की समोरचा माणूस नकळत सरळ उभा राहतो. लहानपणापासून दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करायचे, म्हणून माझ्या सासऱ्यांनी सुभेदार नाव ठेवलं, आणि आता सुभेदाराला अरे-तुरे कसं करणार? त्यामुळे घरात सगळे त्यांना अहो-जाहो करतात. सुभेदार उठले का, सुभेदारांनी चप्पल खाल्ली का… मला एवढ्या मानानं माझ्या लग्नातसुद्धा कोणी विचारलं नव्हतं.

मागच्या वर्षी हे सुभेदार पाणी जास्त प्यायला लागले. भांडं भरावं, रिकामं. भरावं, रिकामं. मला वाटलं, चला, प्रकृतीची काळजी घेतायत. मग सारखे बाहेर जायला लागले, मग एक दिवस गालिच्यावरच… आणि वर माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की जणू मीच केलंय. आमची ही म्हणाली, ‘अहो, हे काही बरं लक्षण नाही, डॉक्टरकडे न्या.’ नेलं. तिथे खिडकीत एक मुलगी, मान खाली, हातात फॉर्म.

‘पेशंटचं नाव?’

‘सुभेदार.’

‘हे आडनाव झालं. नाव?’

‘नाही, म्हणजे… ते कुत्रा आहेत.’

तिनं पहिल्यांदा मान वर केली. त्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि फॉर्मवर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते अजून कळलेलं नाही.

डॉक्टरीणबाई चण्याएवढ्या, आवाज त्याहून बारीक, पण बोलणं असं स्वच्छ की पळवाट नाही. रक्त तपासलं, लघवी तपासली, म्हणाल्या, ‘क्रिएटिनीन वाढलंय, एक पूर्णांक आठ. लघवी पातळ आहे. किडनीचा आजार आहे, पण अगदी सुरुवात आहे, लवकर आणलंत. जे गेलं ते परत येत नाही. उरलंय ते सांभाळायचं. खाणं नीट सांभाळलंत तर वर्षानुवर्षं मजेत काढतील. नाही सांभाळलंत तर…’ सुभेदार तेव्हा त्यांच्या कोटाचं बटण चाटत होते. तुम्हाला खरं सांगतो, अकरा वर्षं रोज संध्याकाळी मी कारखान्यातून येतो, आणि मी आलो याचा या जगात आनंद होणारा एकच प्राणी आहे हो.

मग तक्ता. भात इतके ग्रॅम, उकडलेल्या अंड्याचं फक्त पांढरं, लाल भोपळा, चमचाभर तेल, वरून एक पावडर. मीठ बंद. हाडं बंद. मटण, चीज, बिस्किटं, अंड्यातलं पिवळं, सगळं बंद. पाणी घरभर ठेवायचं, दर तीन महिन्यांनी तपासणी, आणि हे सगळं ‘काटेकोर’. काटेकोर! अहो, हा शब्द त्या कुणाला सांगत होत्या? मी त्याच दिवशी कारखान्यातून एक काटा आणला, रीतसर सही करून, ओट्यावर मांडला, पाणसळ लावून सरळ केला, आणि रात्रीचं जेवण दोनशे वीस ग्रॅम, एक शीत इकडे नाही की तिकडे नाही.

सुभेदारांनी ताटलीचा वास घेतला, माझ्याकडे पाठ केली, आणि भिंतीकडे तोंड करून बसले. दोन दिवस. मी भात कोमट केला, भोपळा कुस्करला, हातानं भरवला, गुडघ्यावर बसून विनवण्या केल्या. तिसऱ्या दिवशी जेवले, पण ज्या चेहऱ्यानं जेवले ना, तो चेहरा मी फक्त माझ्या मेव्हण्याकडे जेवताना करतो.

आणि ती लघवी! पहाटेची पहिली धार पाहिजे, म्हणे. तुम्ही कधी मिशीवाल्या सुभेदाराच्या मागे, काठीला पळी बांधून, वाकून चालला आहात? मी पळी पुढे केली की ते पाय खाली घेणार, मी मागे घेतली की ते पाय वर करणार. खालच्या मजल्यावरच्या काकू गॅलरीतून, ‘काय हो, काही हरवलं का?’ मी म्हटलं, ‘अजून मिळालंच नाही, हरवणार कसं?’

तर असे तीन महिने. छातीठोकपणे रिपोर्ट आणायला गेलो. डॉक्टरीणबाई कागद बघतायत, मी कौतुकाची वाट बघतोय. ‘दोन पूर्णांक दोन झालंय,’ त्या म्हणाल्या. ‘घरात कोणी काही देतं का?’ मी म्हटलं, ‘अशक्य. मी काट्यावर घालतो.’ त्या म्हणाल्या, ‘काट्यावरचं नाही विचारत.’

घरी आलो आणि सगळ्यांना जेवणाच्या टेबलाशी बसवलं. बायको, लेक, सासरे, आणि मुद्दाम वर बोलावलेल्या काकू. मधोमध काटा. म्हटलं, ‘सुभेदारांना कोण काय देतं?’ सगळे छताकडे बघायला लागले. मग बायको म्हणाली, ‘मी नाही बाई. कधीतरी चीजची कड देते, पण ती एवढीशी. एवढ्याशानं काय होतंय?’ लेक म्हणाली, ‘बाबा, चिप्सचा चुरा. उरलेला. एवढासा.’ सासरे म्हणाले, ‘जावईबापू, चहातलं बिस्किट, तेही अर्धं. एवढ्याशानं काय होतंय?’ काकू म्हणाल्या, ‘मी तर नुसती हाडं देते, वर मांस असतं एवढंसं.’

एवढंसं, एवढीशी, एवढासा. मी म्हटलं, थांबा. सव्वीस वर्षांत मी ग्रॅम तपासला, मिलिग्रॅम तपासला, हे एवढंसं नावाचं माप माझ्या टेबलावर कधी आलं नाही. आता येऊ दे. ‘ज्याचं त्यानं आपापलं एवढंसं काट्यावर ठेवा.’

तुम्हाला सांगतो, प्रत्येकाचं एवढंसं वेगळं निघालं. बायकोचं बारा ग्रॅम. लेकीचं सात, पण त्यात अर्धं मीठच. सासऱ्यांनी बिस्किट ठेवलं, मी विचारलं, ‘ओलं देता की कोरडं?’ म्हणाले, ‘ओलं. कोरडं त्यांच्या घशाला लागतं.’ मग चहात बुडवून ठेवा. ‘आणि अर्धंच?’ ‘अर्धंच, पण दिवसातून… चहा किती वेळा होतो त्यावर आहे.’ सत्तावन्न ग्रॅम! आणि काकू खाली जाऊन आपलं एवढंसं घेऊन आल्या, ते ठेवताना काटा दचकला हो. एकशे साठ. बेरीज दोनशे छत्तीस. त्यांचं जेवण दोनशे वीस, आणि एवढंसं दोनशे छत्तीस! आणि हे सगळं चालू असताना सुभेदार टेबलाखाली बसून एकेका साक्षीदाराकडे ओळखीचं बघत होते.

मी मग कोणाची भीडभाड ठेवली नाही. कपाटांना कुलूप. काकूंना वरच्या जिन्यावर हाडबंदी. सासऱ्यांचा चहा माझ्यासमोर. बिचारे एकदा मिशीतल्या मिशीत म्हणाले, ‘अहो, म्हातारा आहे तो, आता आनंद कशात मानायचा त्यानं?’ मला कळेना ते कुणाबद्दल बोलतायत. पण मी विरघळलो नाही.

पुन्हा तीन महिने, पुन्हा पळी, पुन्हा रक्त. दोन पूर्णांक एक! फक्त एका दशांशानं उतरलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘अजून काहीतरी जातंय पोटात.’ मी घरी येऊन तमाशा केला. लेक रडकुंडीला, ‘बाबा, शप्पथ, मी चिप्स खाणंच सोडलंय.’ सासऱ्यांनी खिसे उलटे करून दाखवले. काकूंनी तर बोलणंच टाकलं.

आणि त्याच आठवड्यात कारखान्यात आमच्या सगळ्यांच्या रक्ततपासण्या झाल्या. माझा रिपोर्ट घरी आला, तो हिनं उघडला. वाचला. पुन्हा वाचला. मग अगदी शांतपणे सांगितलं, ‘अहो, तुमचं कोलेस्टेरॉल उतरलंय.’ मी खूश. म्हटलं, ‘पळीचा व्यायाम.’ ती म्हणाली, ‘सहा महिने रोज सकाळी दोन अंडी उकडली जातात. पांढरं सुभेदार खातात. पिवळं तुम्ही खाता. दोन बलक, रोज, सहा महिने… आणि कोलेस्टेरॉल उतरलं?’

आता बोला. मी पाणी प्यायलो. ती म्हणाली, ‘पिवळं कुठे जातं?’

तुम्ही असे बघू नका माझ्याकडे. मी सांगतो काय व्हायचं. सकाळी स्वयंपाकघरात आम्ही दोघंच. मी पांढरं वेगळं करणार, काट्यावर ठेवणार, ताटलीत घालणार. ते खाणार आणि मग माझ्यासमोर बसणार. मागायचे नाहीत हो. मागितलं असतं तर मी सरळ नाही म्हटलं असतं, माझ्यात तेवढा करारीपणा आहे. नुसते बसायचे, मिशीला भाताचं एक शीत चिकटलेलं, आणि बघायचे. मग मी नखाएवढा तुकडा… मग दुसऱ्या नखाएवढा… आणि चिमट्यानं नाही, या बोटांनी! कारखान्यात काटा केसभर झुकला तर मी लाल शिक्का मारून परत पाठवतो, आणि घरी मी स्वतः, तपासनीस, झुकतं माप घालत होतो. का? कारण प्रत्येक वेळी आतून एक आवाज यायचा, अगदी गोड आवाज, म्हणायचा, एवढ्याशानं काय होतंय?

सासऱ्यांना खटल्याची बातमी लागली, तेव्हा त्यांनी एक अख्खं बिस्किट चहात बुडवलं आणि माझ्याकडे बघत सावकाश खाल्लं. मला ते सगळं मिळून फार लागलं, पण खरं लागलं ते हे, की त्या प्राण्याला सहा महिने मीच मागे ओढत होतो, तेही प्रेमानं.

काटा माझ्याकडून काढून घेतला. आता बायको तोलते, आणि मला पिवळं तिच्यासमोर गिळावं लागतं, तोंड उघडून दाखवावं लागतं, अन्न टाकायचं नाही हा तिचा नियम. माझ्याकडे फक्त पळी राहिली. परवा दोघांचेही रिपोर्ट आले. सुभेदार एक पूर्णांक सात! डॉक्टरीणबाई हसल्या, म्हणाल्या, ‘असंच ठेवलंत तर अजून बरीच वर्षं चपला खातील.’ मी बाहेर येऊन त्यांच्या मानेत तोंड घातलं आणि… जाऊ द्या, ती खिडकीतली मुलगी बघत होती.

माझं कोलेस्टेरॉल मात्र आभाळाला टेकलंय. माझ्या डॉक्टरांनीही तक्ता दिला. आता फ्रीजवर दोन तक्ते शेजारीशेजारी लावलेत. मीठ बंद, पिवळं बंद, बिस्किटं बंद, पाणी भरपूर, दोन वेळा फिरवणे, शब्द न् शब्द सारखा. फक्त त्यांच्या तक्त्यात शेवटी एक जास्तीची ओळ आहे, ‘अधूनमधून पाठीवरून हात फिरवावा, कौतुक करावं.’ माझा तक्ता मी मागून-पुढून, उलटासुलटा, सगळा वाचला हो… त्यावर ती ओळ नाही.