हात दिसू देत

हात मागे घ्या, असं म्हणालात ना तुम्ही, दादा? का बरं? — नाही नाही, ओशाळू नका, बोललात ते बरंच झालं. लोक बोलत नाहीत, नुसते बघतात. इसब आहे हे. लहानपणापासूनचं — जुना पाहुणा, जा म्हटलं की चार दिवस जातो, पुन्हा दारात हजर. कुणाला लागत नाही. लागायचं असतं तर आधी आमच्या ह्यांना लागलं असतं — आता ह्यांनी हात धरला कधी म्हणा... जाऊ दे. तो दिवा तेवढा लांब करा, ऊब लागली की खाज पेटते, मग तुमचा फोटो राहील बाजूला आणि मी बसेन कराकरा खाजवत.

कचेरीच्या भिंतीवर लागणार आहे हा फोटो. निवृत्त होतेय ना मी — बसस्थानकावर तिकीट खिडकीत असते. लोक म्हणायचे, ‘बाई, तिथेच ठेवा तिकीट, मी उचलतो.’ ठेवायचे मी! काय करता? एक साहेब म्हणाले, आत बसा, फायली लावा. म्हटलं, साहेब, माझं काम चुकतं का? नाही ना? मग खिडकी माझी. झोपेचं खोबरं होतं, साबणाचं पाणी लागलं की आग आग होते, काळं कापड अंगाला लावायची सोय नाही, लगेच कोंडा दिसतो — ते सगळं सोसवतं हो. माणसाने हात आखडून घेतला की मात्र...

आणि आमच्या घरातले फोटो बघाल तर माझे हात कुठे सापडायचे नाहीत. कधी पिशवीमागे, कधी लेकीच्या पाठीमागे. तीच लेक ही, आरशापाशी उभी आहे ती. अगं, किती वेळ विंचरशील? — बघा, एवढ्या उकाड्यात बाह्या मनगटापर्यंत! माझं नाक घेतलं नाही, माझे दाट केस घेतले नाहीत, नेमकं हेच घेतलं बयेने. उद्या मुलाखत आहे तिची. हुशार आहे, कामात वाघीण आहे. पण जात नाही म्हणते. का? तर तिथे हात मिळवावा लागेल! मी तिला लपव असं कधी सांगितलं नाही हो. पण सांगावं कशाला लागतं? पोरं बघतात. आईचे हात कुठे जातात ते बघतात.

काय? कॉम्प्युटरवर गुळगुळीत करून द्याल? खबरदार! भेगा, डाग, सगळं आलं पाहिजे. हे असे मांडीवर, पुढे. कुणाला बघवत नसेल त्याने भिंतीकडे पाठ करावी, मी नाही करणार. अगं, तू काय बघतेस आरशातून? बघायचं तर इकडे वळून बघ.

हसू? नाही हसणार. काढा तुम्ही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक मुलाखतीला गेली. बाह्या कोपराच्या वर दुमडलेल्या होत्या.