मापातला खांब

...नाही, पण मला एक सांगा, स्वतःच्या बायकोला निवडणुकीत पाडायचं कुणाला सुचेल का? सकाळी दूध आणायला गेलो तर दूधवाला विचारतो, 'काय हो, वहिनींना तुम्हीच पाडलंत म्हणे?' न्हाव्याकडे गेलो तर तो गळ्याशी वस्तरा धरून तेच विचारतो, आता अशा वेळी मान हलवून नाही म्हणायचं तरी कसं... तुम्हाला सांगतो, मी काही केलं नाही. मी फक्त माझा धंदा केला.

धंदा म्हणजे पत्रकं छापायची. कोपऱ्यावर दुकान आहे माझं, एक छपाईयंत्र, एक कॉम्प्युटर, एक स्टूल आणि स्टुलावर मी. प्रभागाची निवडणूक आली की आमचे नगरसेवक दुकानात येऊन बसतात. त्यांना सगळे हसरे म्हणतात, कारण तोंड मिटलेला त्यांचा एकही फोटो आजवर निघालेला नाही. 'साहेब, काय काय कामं केलीत?' असं विचारलं की पुन्हा हसतात. मग मी म्हणतो, राहू द्या, मी बघतो. कारण लोक वाचत नाहीत हो, लोक बघतात.

म्हणजे बघा, फोटोत शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या हव्यात, की वाटतं माणूस आत्ताच गटारातून काम करून वर आला. चेहरा मजकुराकडे वळलेला हवा, की तुमची नजर आपसूक तिकडे जाते. काम झालं असेल तर 'करून दाखवलं', झालं नसेल तर 'मार्गी लागलं', आणि काम कुठलं तेच ठाऊक नसेल तर 'कटिबद्ध'. मग खांब, म्हणजे मतं दाखवणाऱ्या आलेखातले उभे पट्टे. गेल्या खेपेला हसरे कसेबसे निवडून आले, पण माझ्या पत्रकात त्यांच्या मतांचा खांब दुमजली आणि समोरच्याचा पायपुसण्याएवढा. आकडे खरे हं, खाली दिलेत, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात. खांबाला फूटपट्टी कोण लावतंय?

आणि शेवटी माझं हुकमाचं पान, शेजारणीचं पत्र. हातानं लिहिल्यासारखं, निळ्या शाईत, जरा तिरकं, एक शब्द खोडलेला. तो मी मुद्दाम खोडतो, त्यानं जिवंतपणा येतो. 'मी इथं कित्येक वर्षं राहते. मत कुणाला द्यायचं, मला प्रश्नच पडला नाही. तुमची एक शेजारीण.' कोण ही शेजारीण, कुठल्या मजल्यावर राहते, कुणी म्हणून विचारत नाही.

तर यंदा आमची ही उभी राहिली. झालं काय, दवाखान्यासमोरचा फूटपाथ उखडलेला, त्यात माझ्या सासूबाई पडल्या, हात प्लास्टरमध्ये. आणि हसऱ्यांच्या जुन्या पत्रकात तोच फूटपाथ 'मार्गी लागला' होता. तो शब्द कुणी घातला हे हिला बरोबर ठाऊक. सरळ गेली आणि अर्ज भरून आली.

मी म्हटलं, अगं, असं पत्रक करतो की हसरे रडतील. तर म्हणे, 'अहो, मला तुमचे खांब नकोत, पत्र नको. मला काय जमेल ते लिहायचं आणि काय जमणार नाही तेही लिहायचं.' जमणार नाही, हे पत्रकात? फोटो ओळखपत्रावरचा, मजकूर वरपासून खालपर्यंत सलग, औषधाच्या बाटलीबरोबर चिठोरं येतं ना घडी घातलेलं, तसा. मी म्हटलं, लोक वाचत नाहीत गं, लोक बघतात. तिनं माझ्याकडे बघितलं, आणि मी मुकाट्यानं छापलं. हसऱ्यांचं काम नाकारणार होतो, तर हीच म्हणाली, 'गिऱ्हाईक आहे तुमचं, करा. मी घाबरत नाही.' म्हणून केलं. नेहमीसारखं, खांबासकट, पत्रासकट.

पत्रकं वाटली त्या संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या काकू खाली आल्या. 'बाई, धन्य आहे तुझी. स्वतः उभी राहून मत हसऱ्यांना द्या म्हणून लिहितेस?' हिनं पत्रक हातात घेतलं, पत्र वाचलं, मग माझ्याकडे वळली. मी पत्रक तिच्या हातातून घेऊन दिव्याखाली धरलं.

ते अक्षर हिचंच की हो. लग्नानंतर नवीन दुकान टाकलं तेव्हा हातानं लिहिलेलं अक्षर हवं होतं, म्हणून हिच्याच चिठ्ठ्या घेतल्या होत्या, 'येताना साबण आणा', 'आई आलीय, लवकर या', आणि एकेक अक्षर कॉम्प्युटरमध्ये भरलं होतं. पुढे विसरून गेलो. माझ्या लेखी तो एक छापील टाइप, नाव शेजारीण.

बरं, आमच्या इमारतीच्या फळ्यावर लिफ्ट बंद, गच्ची धुणार, मांजर हरवलं, सगळं लिहिते कोण? हीच. तिच्या अक्षरात 'उद्या पाणी नाही' दिसलं की लोक निमूट बादल्या भरतात, नळ धो धो वाहत असला तरी. आणि हिच्या स्वतःच्या पत्रकात हिचं अक्षर एक नाही.

दारोदार फिरली बिचारी समजावत. लोक म्हणायचे, 'असू द्या हो वहिनी, तुमचं मन मोठं. तुम्ही सांगितलंत तसंच करू.' आणि केलं. थोडक्यात पडली. हसरे आभार मानायला दुकानात आले, 'त्या पत्रानं तारलं बुवा.' मला इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू, त्यांच्यासमोर हसताही येईना.

ही मात्र रोजच्यासारखी वेळेवर चहा देऊन जायची. ओरडली असती तर बरं, निदान कळलं असतं कुठवर आलंय ते. मग परवा उठून पाहतो तर फ्रिजवर पत्रक. वर फोटो माझा, सोफ्यावर आडवा, पण पाय बरोबर मजकुराच्या दिशेला. शीर्षक, 'घरातली कामं'. खाली दोन खांब, हिचा फ्रिजच्या दांडीपासून भाजीच्या कप्प्यापर्यंत, माझा नखाएवढा. मग निळ्या शाईत, जरा तिरकं, 'दवाखान्यासमोरचा फूटपाथ होईपर्यंत मी रोज पालिकेत जाऊन बसणार आहे. स्वयंपाक तुम्ही मार्गी लावा. तुमची एक शेजारीण.' एक शब्द खोडलेला सुद्धा.

मी म्हटलं, मला शिकवते? या धंद्यात केस पांढरे केलेत मी, खांब कधी मापात असतो का? काढली फूटपट्टी, बसलो मोजायला. एकेक काम आठवलं, भांडी, कपडे, केर, सासूबाईंच्या गोळ्या... आयुष्यात पहिल्यांदा पत्रक नुसतं बघितलं नाही हो, वाचलं. हिचा खांब अगदी मापात. फुगवलेला निघाला तो माझा.