ऑइल काळं असावं हो!

अहो, हसताय काय? ऑइल काळं असावं हो, चमकू नये! भांडी चमकू देत, बूट चमकू देत, एखाद्याचं टक्कल चमकू दे, माझी काही तक्रार नाही... पण ट्रकच्या इंजिनातलं ऑइल चमकलं ना, की समजायचं, आतला धातू झिजून त्याचं पीठ व्हायला लागलं! आणि हे मला कळलं कधी? आज! ट्रकमध्ये माल भरून झाल्यावर!

तुम्हाला सांगतो, इंजिन बरेच दिवस टक्-टक् करत होतं. मी म्हटलं, "दादा, आवाज येतोय." दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. ट्रक त्याचा, स्टिअरिंग त्याच्या हातात, अक्कल... जाऊ दे. काय म्हणाला? "कुठे येतोय?" आणि गाणं मोठं केलं! झाला आवाज बंद!

शेवटी मीच मिस्त्रीला धरून आणला. बोलणं कमी, 'च्यक् च्यक्' जास्त, असा माणूस. ऑइल घमेल्यात सोडलं, म्हणाला, "फडकं आणा, गाळून बघू." मी धावलो, दोरीवरचं हाताला लागलं ते ओढलं आणि दिलं. गाळलं, उन्हात धरलं... च्यक्! नुसती चमचम! मिस्त्रीनं लोहचुंबक काढलं. मी म्हटलं, "चिकटलं तर?" म्हणाला, "वाईट." "आणि नाही चिकटलं तर?" "जास्त वाईट." आता माणसानं देवाजवळ मागायचं तरी काय? नाही चिकटलं हो, एक कण नाही! "लोखंड नाही हे, आतलं मऊ धातूचं बेअरिंग झिजतंय. चढावर इंजिन जाम होईल." आणि आमचा रस्ता कुठला? घाटाचा! घाटात इंजिन जाम झालं की ट्रक येतो मागे, मागे काय असतं? दरी! आणि दादाच्या शेजारी कोण बसणार? मी! पायाखालची जमीनच सरकली माझ्या.

इतक्यात वहिनी बाहेर आली आणि किंचाळली, "अगं बाई, माझी चमकीची ओढणी!"

ओढणी! अहो, फडकंच चमकीचं! दादा पोट धरून हसला, मी हसलो, वहिनी रडता रडता हसली. मिस्त्री तेवढा हसला नाही. त्यानं इंजिनाचा ऑइल फिल्टर काढला, करवतीनं कापला, आतला कागद उलगडला... च्यक्.

घडीघडीत चमक. आता ओढणी काही फिल्टरमध्ये शिरली नव्हती! चुंबक फिरवलं... नाही चिकटलं. "इंजिन उघडा, गाडी हलवू नका," एवढंच बोलला.

मी दादाचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. त्यानं काय करावं? शांतपणे नवा फिल्टर लावला, नवं ऑइल ओतलं, ऑइल मोजायची पट्टी बुडवून माझ्या नाकासमोर धरली, "बघ, चमकतंय का?" कसं चमकेल? आत्ता डब्यातून बाहेर आलंय ते! काळं व्हायलासुद्धा वेळ मिळाला नाही बिचाऱ्याला!

खरं सांगू? भीती वाटते हो. पण मोठ्या भावाला एकट्याला घाटात सोडू? मग वहिनीला काय तोंड दाखवू?

हॉर्न ऐकलात? मलाच बोलावतोय. तुम्हीही घाटातनंच जाणार ना? मग एवढं करा, आमच्या मागे राहू नका. आणि जरा कान द्या... टक्-टक् येतंय? नाही येत?

...हां. गाणं लावलं त्यानं.