कुरकुरता सर्वो

तानुबाई : ...तर तू एवढंच म्हण बाप्पा, संक्रांतीपर्यंत नजर येईन. बाकी काही बोलू नको.

अकील : काकू, खोटं मले जमत नाही. गोपाल तर लगेच पकडते. शाळेपासून पकडत आला.

तानुबाई : जमवून घे. अकोल्याचा डॉक्टर काय बोलला ते मले अन् त्याच्या बापालेच माहीत, अन् आता तुले. नस सुकली म्हणे डोळ्याची. आता येत नाही म्हणे नजर. हे मी पोराले कोण्या तोंडानं सांगू?

अकील : कुठं हाय तो?

तानुबाई : बाजूच्या सलूनात बसवला. दाढी होऊन राह्यली. सकाळी म्हणे, माय, मले अकीलच्या दुकानात ने, त्या रिमोटच्या खेळण्यातल्या गाडीचं सामान घ्यायचं हाय. दवाखान्यातून आला तसं पहिल्यांदा काही मागतलं रे त्यानं.

अकील : तुमचे हात असे कसे, काकू? एकेकच बांगडी?

तानुबाई : दवाखान्यात वाढल्या. तो झटके देऊन राह्यला होता, मी धरून बसली होती. मंग भरायचं मनच झालं नाही. म्हटलं संक्रांतीले पाहू. त्या बीटी कपाशीले फवाराच लागत नाही म्हणत होते, बाप्पा! अन् औंदा गुलाबी अळी बोंडात शिरली. पराटी डोक्याच्या वर गेलेली. पोरगा पंप घेऊन वरतं तोंड करून ते जहर फवारत राह्यला. मीच त्याले न्याहारी घेऊन गेली होती त्या दिवशी.

(सलूनवाला गोपालचा हात धरून त्याला दुकानाच्या दारात आणून सोडतो.)

गोपाल : अकील, बे, उंबरठा हाय का इथं?

अकील : हाय, हाय. पाय उचल. हां. स्टूल उजवीकडं.

तानुबाई : मी दळण घेऊन येते. चक्की जवळच हाय. तोवर बसा दोघं.

गोपाल : हो माये. ... गेली का?

अकील : गेली.

गोपाल : पाय बी वाजवत नाही आजकाल. बरं, गाडी काढ. डिग बसवली का तू?

अकील : कवाची. तू दवाखान्यात होता ना, तवाच बसवली. आषाढात मागवलेली, पडून होती. फक्त तिची दांडी ओढायले सर्वो पाहिजे, ती लहानशी मोटर. तीन आणून ठेवले यार तुह्यासाठी.

गोपाल : आमच्या बापाले सांगितलं होतं मी, ही डिग काय चीज हाय ते. म्हणे समजलं, डवरं वळवताना आतला बैल उभा धरतो अन् बाहेरचा फिरवतो, तेच! मागची चाकं जागेवर धरायची, पुढच्यानं गाडी गिरकी घेते. बापाले एका दमात समजलं. तुले आठ दिवस लागले.

अकील : हो बाबा, तुम्ही हुशार. हा पाहा पहिला... म्हणजे, घे हातात. डिजिटल हाय. ताकद लय, पाणी गेलं तरी काही होत नाही. अन् आवाज बिलकुल नाही. मख्खन.

गोपाल : चालवून दाखव.

अकील : चालवला ना आत्ता.

गोपाल : चालला?

अकील : तीन वेळा.

गोपाल : ठेव बाजूले. दुसरा?

अकील : हा हलका. आवाज करते, पण दाते नायलॉनचे. आपण गाडी चढवतो त्या टेकडीवरच्या दगडगोट्यांत चाक फसलं का दाते झडले समज. तिसरा तर मी चुकून आणला. जुन्या ढबीचा, लोखंडी दात्याचा. जड हाय, सुस्त हाय, अन् कुरकुरते किती! ऐक.

गोपाल : पुन्हा लाव.

अकील : हे ऐक, चारी चाकं चालू... हे मागची मोकळी... अन् हे मागची धरली.

गोपाल : मोकळी केली तवा जरासा कुरकुरला. धरल्यावर गुणगुणत राह्यला. अजून बी गुणगुणून राह्यला ना?

अकील : हो. जोर लावून धरलं ना त्यानं.

गोपाल : हाच दे.

अकील : पागल झाला काय बे? पहिला घे. आवाजाचं काय करतं? संक्रांतीपर्यंत तुले दिसनच ना मंग.

गोपाल : कोण बोललं?

अकील : डॉक्टर बोलला म्हणे. काकूनं सांगितलं. संक्रांतीपर्यंत. सच्ची.

गोपाल : अकील, डॉक्टर मायले दाराबाहेर घेऊन गेला अन् हळू बोलला. डोळे गेले होते बे माहे, कान नाही.

अकील : या अल्ला. तुले मालूम हाय? अन् काकूले...

गोपाल : सांगू नको. मले माहीत नाही असं वाटते तिले, म्हणून दोन घास खाते. मी बी विचारतो, माय, किती दिवस राह्यले? ती सांगते, थोडेच. असं चालू हाय आमचं.

अकील : किती दिवस चालन असं?

गोपाल : काय मालूम. रात्री लय भेव वाटते यार. तुले म्हणून सांगतो. घरात माय कुठं उभी हाय तेच समजत नाही. पहिले बांगड्या वाजायच्या, चुलीपाशी हाय का अंगणात, निजल्या निजल्या समजायचं. आता मी आवाज द्यायचा अन् तिनं लांबून दचकून ओ द्यायची. रडत असन. ... त्या टेकडीवरचे गोटे मले पाठ हायत, अकील. गाडी मोकळी हाय का धरलेली, एवढं मले ऐकू आलं का मी वळवतो तिले. तू फक्त जवळ राह्य.

अकील : मी कुठं जाऊन राह्यलो बे! दे, पेचकस दे. तुह्या मांडीपाशीच हाय. हाच बसवतो.

तानुबाई : (दळण घेऊन परत येत) झालं का रे सामान घेणं? अगं माय, हे काय कुरकुरते एवढं! चांगलं नव्हतं काय दुसरं?

अकील : होतं काकू. मी त्याले...

गोपाल : मीच घेतलं माये. जे चूप राहते ना, ते कुठं हाय तेच मले समजत नाही.

अकील : काकू, पाणी देऊ? बसा ना. दळण खाली ठेवा.

गोपाल : नजर आल्यावर बदलून घेऊ माये. अकील बदलून देते.

तानुबाई : नको बदलू. राहू दे हेच. ... अकील, कासाराचं दुकान उघडं असन का रे आता?

अकील : असन. काऊन काकू?

तानुबाई : बांगड्या भरते. दोन्ही हात भरून, काचेच्या. संक्रांतीची वाट कायले पाहायची आता?